हॉलमधल्या डेस्कटॉपला रिमोट कसा जोडावा? (अप्पांसाठी मदत हवी आहे)

ओंजळ

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते, कारण प्रश्न नुसता "कुठला रिमोट घेऊ" एवढाच नाही.

आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. सासरे, अप्पा, ७८ वर्षांचे. त्यांच्याकडे जवळजवळ तीनशे कॅसेट होत्या. रेडिओवरून टेप केलेल्या, घरगुती बैठकींच्या, काही मित्रांकडून उतरवून घेतलेल्या. लॉकडाऊनमध्ये नवऱ्याने आणि मी बसून त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या. सी-९० ची एक बाजू म्हणजे ४५ मिनिटांची एक फाइल, असं ठेवलंय. डेस्कटॉप हॉलमध्येच आहे, एचडीएमआयने ३२ इंची टीव्हीला जोडलाय. अप्पांची आरामखुर्ची तिथून दहा फुटांवर.

गेल्या वर्षापासून अप्पांच्या उजव्या हाताला कंप आहे. माऊसवर डबल क्लिक करताना बोट सुटत नाही आणि फाइल उघडायच्या ऐवजी ओढली जाते. मागच्या महिन्यात मारवा रागाचा अख्खा फोल्डर असाच शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला. मी संध्याकाळी घरी आले तर अप्पा टीव्हीसमोर नुसते बसून होते. "मारवा माझ्याकडून पुसला गेला गं," एवढंच म्हणाले. फोल्डर दहा मिनिटांत सापडला. पण तेव्हापासून त्यांनी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. आम्ही आल्यावर "काय लावू?" विचारलं की म्हणतात, "राहू दे, दमून आलीयस."

आतापर्यंत केलेले प्रयोग: टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड (मांडीवर जड होतो, कळा बारीक). फोनवरचं ॲप (फोन लॉक होतो, बोटं कोरडी असल्यामुळे ठसा लागत नाही, आणि काचेवर बोटाला काही जाणवत नाही, मग बघत बसावं लागतं). शेवटी शहरातल्या एका दुकानातून एअर माऊस आणला. "आजोबांसाठी एकदम सोपा" म्हणून दिला. तो हवेत हलवला की बाण हलतो. हात कापणाऱ्या माणसाला तो देणं म्हणजे काय, हे तुम्हीच समजा. परत घ्यायला दुकानदाराने साफ नकार दिला.

दिवसा ते घरी एकटे असतात. कुणालाही न विचारता त्यांना हवं ते ऐकता यावं, एवढंच मला हवंय. विंडोज १० आहे. वायरी जोडायची तयारी आहे.

धायरीकर

ताई, एअर माऊस टाकून देऊ नका. बऱ्याच मॉडेलवर बाण गोठवायचं बटण असतं. ते दाबलं की हालचाल ओळखणारा आतला जायरोस्कोप गप्प बसतो आणि उरतात फक्त वर-खाली-डावी-उजवी आणि ओके. म्हणजे साधा रिमोटच.

अजून एक. त्याचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) सीपीयूच्या मागे निळ्या पोर्टमध्ये लावला असेल तर काढा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि हे डोंगल त्याच पट्ट्यात चालतात. दहा फुटांवरून बटणं गाळली जातात ती त्यामुळेच. साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टीव्हीजवळ आणा, लगेच फरक दिसेल.

चिमणबाग

माझा साधा प्रश्न: टीव्ही एचडीएमआयने जोडलाच आहे, तर टीव्हीचाच रिमोट का नाही चालत? आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटवर सेट-टॉप बॉक्स चालतो.

टिकटिक

@चिमणबाग, त्याला सीईसी म्हणतात. एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनवरून टीव्ही जोडलेल्या यंत्राला बटणं कळवतो. सेट-टॉप बॉक्सला ती पिन जोडलेली असते, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरलाही असते. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डांवर मात्र ती सहसा सोडूनच दिलेली असते. मधे लावायचा पल्स-एट कंपनीचा ॲडॉप्टर मिळतो, पण इथे त्याची गरज नाही असं मला वाटतं.

ओंजळ, तुमच्याकडे एखादा बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट आहे का? अप्पांनी वर्षानुवर्षं वापरलेला? असेल तर तोच घ्या. नवा रिमोट अप्पांना शिकवायचा नाही, अप्पांचा रिमोट कॉम्प्युटरला शिकवायचा.

हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे जोडताना घाबरायला होणार नाही. रिमोटच्या पुढच्या टोकाला इन्फ्रारेड एलईडी असतो. बटण दाबलं की तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याचेच लहान-मोठे तुकडे पाडून बटणाचा आकडा पाठवतो. खूप रिमोट एनईसी नावाच्या पद्धतीने बोलतात: आधी ९ मिलिसेकंदांची लांब आरोळी, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिट. शांतता लहान असेल तर शून्य, तिप्पट लांब असेल तर एक. बटण दाबूनच धरलं तर दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास "अजून दाबलेलंच आहे" असा छोटा इशारा जात राहतो. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, अप्पांच्या बाबतीत तोच महत्त्वाचा आहे.

रिमोट जिवंत आहे का ते बघायला तो फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट ठिपका चमकला की काम झालं. (मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड गाळणारी काच असते, म्हणून पुढचा.)

आता कॉम्प्युटरच्या बाजूने दोन वाटा.

एक, फ्लर्क नावाचा यूएसबी डोंगल. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डची कळ निवडायची, रिमोटचं बटण दाबायचं, झालं. सगळं डोंगलमध्येच साठतं, कॉम्प्युटरला वाटतं कीबोर्ड लावलाय. सोल्डरिंग नाही, कोड नाही.

दोन, स्वतः बनवणं. रिमोटचा इशारा पकडणारा टीएसओपी १७३८ हा तीन पायांचा रिसीव्हर आणि प्रो मायक्रो नावाचा आर्डुइनो बोर्ड, म्हणजे आपला कोड टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड. बोर्ड घेताना चिप ३२यू४ आहे हे बघून घ्या, कारण तो थेट कीबोर्ड बनू शकतो. ऊनो नावाचा आर्डुइनो घेऊ नका, त्याला ते सरळ जमत नाही. दोन्ही वस्तू बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतील. स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरलात तर तिथून चालत जाता येतं.

रानजाई

अप्पांना फोन नकोय हे कळलं. पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, फोनवरून चालवायचे दोन चांगले फुकट मार्ग आहेत. व्हीएलसी प्लेअरच्या सेटिंगमध्ये वेब इंटरफेस चालू करून पासवर्ड ठेवला की त्याच वायफायवरच्या कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता आणि पुढे ८०८० टाकून सगळं हाताळता येतं. दुसरं केडीई कनेक्ट नावाचं ॲप, विंडोजवरही चालतं. त्यात फोन आला की कॉम्प्युटरवरचं गाणं आपोआप थांबवायची सोय आहे. आमच्याकडे स्वयंपाकघरात गाणी याच्यावरच असतात.

जुनी_वही

माझ्याकडे विंडोज मीडिया सेंटरच्या काळातला, हिरव्या बटणाचा रिमोट आणि त्याचा यूएसबी रिसीव्हर अजून आहे. विंडोज १० मध्ये मीडिया सेंटर काढून टाकलं तेव्हा वाटलं आता हा अडगळीत जाणार. मग लिनक्सवर लावून बघितला तर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) त्याचा ड्रायव्हर निघाला, एमसीईयूएसबी नावाचा. आयआर-कीटेबल या आज्ञेने कुठलं बटण काय करेल ते ठरवता येतं. कुणाकडे असा रिसीव्हर पडलेला असेल तर भंगारात देऊ नका. तो बहुतेक कुठल्याही घरगुती रिमोटचं ऐकतो.

सांजवेळ

ओंजळ, तुझं वाचून आईची आठवण आली. तिलाही कंप होता. आम्ही मोठ्या बटणांचा रिमोट आणला आणि आता सुटलो असं वाटलं. पण ती एकदा दाबायला जायची आणि बटण तीनदा लागायचं. गाणं सुरू, बंद, सुरू. तिला वाटायचं यंत्र बिघडलंय, आम्हाला वाटायचं तिला जमत नाहीये. दोन्ही खरं नव्हतं. बटणाने तिच्या हाताची वाट बघायला हवी होती, तेवढंच.

विंडोजमध्ये फिल्टर कीज म्हणून सोय आहे, ॲक्सेसिबिलिटीत. तीच कळ ठरावीक वेळेच्या आत पुन्हा लागली तर ती धरलीच जात नाही. फ्लर्क काय किंवा टिकटिक यांचा बोर्ड काय, दोन्ही कीबोर्डच असल्यामुळे हे त्यांनाही लागू पडतं. फक्त तोच कॉम्प्युटर तुम्ही टायपिंगला वापरत असाल तर जोडाक्षरं लिहिताना त्रास होईल.

टिकटिक

सांजवेळ यांनी नेमकं सांगितलं. स्वतः बनवलेल्या बोर्डाचा फायदा इथेच आहे, हे थांबणं फक्त रिमोटपुरतं ठेवता येतं. कोडमध्ये दोन नियम घाला. दाबून धरल्याचा इशारा आला तर सोडून द्या. आणि तेच बटण ४०० मिलिसेकंदांच्या आत पुन्हा आलं तर तेही सोडून द्या. आकडा अप्पांच्या हाताप्रमाणे कमी-जास्त करा, आणि तो त्यांच्याशेजारी बसूनच ठरवा.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. माळ्यावर जुन्या डिशचा रिमोट सापडला. चार वर्षं पडून होता, पण अप्पांच्या हातात दिल्यावर त्यांचा अंगठा न बघता बरोबर मधल्या गोल बटणावर गेला. त्याच क्षणी बाकीचे सगळे पर्याय मी डोक्यातून काढून टाकले.

सेल वितळून आतल्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड धरली होती. कापसाला व्हिनेगर लावून पुसली, मग स्पिरिटने. सेल्फी कॅमेऱ्यात ठिपका दिसला. शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन रिसीव्हर आणि प्रो मायक्रो आणला. नवऱ्याने बोर्डावर आयआररिमोट लायब्ररी (रिमोटचे इशारे वाचणारा तयार कोड) टाकून प्रत्येक बटणाचा आकडा कागदावर उतरवून घेतला.

रविवारी सकाळी सगळं झकास चाललं. दुपारी तीनला मात्र एकही बटण लागेना. रात्री पुन्हा ठीक. सोमवारी तेच. वायरी तीनदा तपासल्या. काय चुकतंय?

धायरीकर

सेल नवे टाकलेत ना? आणि हा रिमोट अगदीच गेला तर जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा, तिथे रिमोटचे ढीग असतात.

टिकटिक

हॉलची बाल्कनी पश्चिमेला आहे का? उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. थेट ऊन पडलं की रिसीव्हरचे कान बसतात. काही सीएफएल दिव्यांचाही असाच त्रास होतो. रिसीव्हर सावलीत न्या, चारी बाजूंनी आडोसा करा, तोंड फक्त अप्पांच्या खुर्चीकडे उघडं ठेवा. वायर लांब करावी लागली तर यूएसबीची बाजू लांबवा, रिसीव्हरच्या तीन बारीक वायरी नको.

खडकवासला

रिमोट होतोय तर आता पडद्यावर काय दिसणार त्याचाही विचार करा. विंडोजचे फोल्डर लांबून वाचता येत नाहीत, आणि तिथे फाइल चुकून हलायची भीती राहतेच. कोडी नावाचं प्लेअर टाका. (२०१४ पर्यंत याचं नाव एक्सबीएमसी होतं, एक्सबॉक्ससाठी सुरू झालं होतं.) ते लांबून बघण्यासाठीच बनवलंय आणि बाण, एंटर, बॅकस्पेस एवढ्यावर सगळं चालतं. स्पेस म्हणजे थांब किंवा चालू, एक्स म्हणजे बंद. मुख्य पानावरचे चित्रपट, टीव्ही, हवामान वगैरे नको ते रकाने काढून टाका आणि सुरू होताच संगीताचं पान उघडेल असं ठेवा. विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये कोडीचा शॉर्टकट टाकला की लॉगिन झाल्यावर ते आपोआप येतं.

पुढे-मागे उड्या किती सेकंदांच्या ते सेटिंगमध्ये ठरतं. मुळात एकदा दाबलं तर छोटी उडी, लागोपाठ दाबलं तर मोठी मोठी होत जाते. अप्पांसाठी ते बंद करा, पुढे एकच आणि मागे एकच टप्पा ठेवा.

एक युक्ती: प्रत्येक फोल्डरमध्ये 'फोल्डर' नावाचं, इंग्रजी अक्षरांत, जेपीजी चित्र ठेवलं की कोडीत त्या फोल्डरवर तेच चित्र दिसतं. नावं वाचायची गरजच उरत नाही.

आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर कॉम्प्युटर आपोआप चालू होईल अशी सेटिंग बघून घ्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की अप्पांना सीपीयूपर्यंत वाकायला लागू नये.

रानजाई

वाचनखूण साठवली. फोल्डरच्या चित्राची युक्ती आजच करते.

ओंजळ

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व. रोज वापरून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

टिकटिक, ऊनच होतं. बाल्कनी पश्चिमेला आहे आणि दुपारची तिरीप नेमकी टीव्हीच्या कडेवर यायची. रिसीव्हर आता काडेपेटीच्या आत आहे. एका टोकाला खिडकी कापलीय आणि पेटी टीव्हीखाली खुर्चीकडे तोंड करून चिकटवलीय. दुपारी तीनला, पडदा उघडा ठेवून तपासलं. चालतं.

रिमोटवर चाळीसच्या वर बटणं आहेत. आपण नऊच जोडली: चार बाण, ओके, मागे, थांब-चालू, आणि दहा सेकंद मागे-पुढे. बाकीची तशीच ठेवली, कारण ती दाबली तर काहीच होत नाही. अप्पांची भीती यामुळेच गेली. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "अप्पा, यातलं कुठलंही बटण दाबा, काही पुसलं जाणार नाही." त्यांनी खरोखर एकेक करून सगळी दाबून बघितली. शांतपणे, वरच्या ओळीपासून खालपर्यंत. मग म्हणाले, "बरं. आता दाखव."

४०० मिलिसेकंद सकाळी पुरतात, संध्याकाळी हात जास्त कापतो तेव्हा कमी पडतात. शेजारी बसून बघत बघत शेवटी ७०० केले. सांजवेळ, तुमचं ते वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं होतं, म्हणून आम्ही घाई केली नाही.

चित्रांसाठी कॅसेटची आतली कार्डं वापरली. प्रत्येक कार्डावर अप्पांच्या अक्षरात राग, तारीख, कुणाकडून आणली ते लिहिलंय, निळ्या शाईत. ती फोनने काढून प्रत्येक फोल्डरमध्ये टाकली. आता टीव्हीवर त्यांचंच कपाट उघडल्यासारखं दिसतं. ते अक्षर वाचत नाहीत, कार्ड ओळखतात. "तो कोपरा दुमडलेला, तो पूरिया."

मी एक सोय स्वतःहून केली होती: एक बाजू संपली की पुढची फाइल आपोआप लागेल अशी. दोन दिवसांनी ते म्हणाले, ते बंद कर. "बाजू संपली की मला जरा थांबायचं असतं." बंद केलं.

परवा लवकर घरी आले. जिन्यातूनच आवाज ऐकू येत होता. एक तान, मग तीच तान, मग पुन्हा तीच. मला वाटलं बटण अडकलं. दार उघडलं तर अप्पा डोळे मिटून बसलेले, अंगठा दहा सेकंद मागे जायच्या बटणावर. मला बघून हाताने थांब म्हणाले आणि अजून एकदा मागे नेली. कॅसेटवर हे कधी नीट जमत नव्हतं म्हणे, रिवाइंड केलं की कुठेतरी भलतीकडेच जायचं.

फोल्डर आता कुणाला हलवता येणार नाहीत असे केलेत, आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर घेऊन कपाटात ठेवलीय. ते खरं तर आधीच करायला हवं होतं.

सांजवेळ

ओंजळ, फार बरं वाटलं गं वाचून. अप्पांना नमस्कार सांग.

धायरीकर

ताई, माझ्या मोठ्या काकांसाठी हेच करायचंय. रिसीव्हरची जोडणी जशी केलीत तशी सांगाल का? मी आणलेल्या रिसीव्हरवर १८३८ लिहिलंय, टीएसओपी नाही. चालेल ना?

ओंजळ

चालेल दादा, पण पायांचा क्रम बघून जोडा. आमच्या टीएसओपी १७३८ चं घुमटाचं तोंड आपल्याकडे धरलं तर डावीकडून ग्राउंड, पाच व्होल्ट, सिग्नल असा क्रम आहे. नवऱ्याने आधी १८३८ वरच करून बघितलं होतं, त्यात डावीकडून सिग्नल, ग्राउंड, पाच व्होल्ट होता. उलटं जोडलं की रिसीव्हर बोट लावल्याबरोबर गरम लागतो, तसं झालं तर लगेच यूएसबी काढा. सिग्नल आम्ही बोर्डाच्या २ नंबरच्या पिनला दिलाय. कोड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. त्यात ७०० लिहिलेली एकच ओळ आहे, ती काकांच्या शेजारी बसून बदला.